तेल किती बांधावे? राळ, मेण आणि जैवविघटनशील बहुवारिकांतून तेलांचे नियंत्रित मोचन

पिंड तैल ज्यांनी स्वतःच्या औषधालयात सिद्ध केले आहे, त्यांना नागपूरचा वैशाख वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मार्गशीर्षात जी बरणी चमच्याने खरवडावी लागते, तीच मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाला टेकला की पातळ होते आणि झाकणाच्या कडेने पाझरू लागते. महालातील आमच्या जुन्या वाड्याच्या पत्र्याखालील कोठीत हा अनुभव आम्ही दरवर्षी घेतो. या तैलातील मंजिष्ठा, सारिवा, मधूच्छिष्ट आणि सर्जरस या चार द्रव्यांपैकी शेवटच्या दोहोंचे, म्हणजे मेण व राळ यांचे, गुणकर्म वैद्यांना ठाऊक आहे. परंतु औषधनिर्मितीच्या दृष्टीने त्यांचे आणखी एक कार्य आहे, आणि त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ती तेलाला धरून ठेवतात. त्वचेवर लावलेले तेल कपड्याला पुसले जाऊ नये, घामाबरोबर वाहून जाऊ नये, जेथे लावले तेथे काही काळ टिकावे, ही व्यवस्था या दोन द्रव्यांनी होते.

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यवसायबंधूंकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. आधुनिक औषधनिर्माणशास्त्रात जैवविघटनशील बहुवारिकांमध्ये, म्हणजेच पॉलिमरमध्ये, औषध कोंडून ते हळूहळू सोडण्याच्या पद्धती रूढ झाल्या आहेत. मग आपली निंब तैल, करंज तैल, जात्यादि तैल, ओव्याचे किंवा लवंगेचे तेल याच रीतीने बांधता येतील काय? बांधता आली तर त्यात रुग्णाचे हित किती, आणि औषधालयाने त्यासाठी खर्च करावा काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. याच विषयात आपल्या नागपुरात मोलाचे संशोधन झाले असून आपल्यापैकी अनेकांना त्याची वार्ताही नाही, म्हणून त्याला अधिक जागा दिली आहे.

मोचनाचा नियम मलमातून निघाला

नियंत्रित मोचन हा शब्द नवा वाटला तरी त्याचा एक मूलभूत नियम मलमाच्या अभ्यासातूनच निघाला, हे पुष्कळांना माहीत नसते. अमेरिकेतील औषधनिर्माणशास्त्रज्ञ टाकेरू हिगुची यांनी १९६१ साली एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता, मलमाच्या आधारद्रव्यात कणरूपाने मिसळलेले औषध किती वेगाने बाहेर येते हा. त्यांनी दाखविले की मोचित औषधाची मात्रा काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. सोप्या भाषेत सांगावयाचे तर पहिल्या तासात शंभरातील दहा भाग बाहेर आले, तर वीस भाग येण्यास चार तास आणि तीस भाग येण्यास नऊ तास लागतात. पृष्ठभागालगतचे औषध आधी निघते, आतल्या औषधाला लांबची वाट चालावी लागते, म्हणून वेग उत्तरोत्तर मंदावतो. आज बहुवारिकांच्या गोळ्या, पटले आणि सूक्ष्म संपुटिका यांवर जे प्रबंध लिहिले जातात, त्यांत हिगुचींचे हे सूत्र पदोपदी आढळते. खलात मलम घोटणाऱ्या आपल्या धंद्याचा हा एक प्रकारे गौरवच म्हणावयाचा.

बांधलेले द्रव्य बाहेर येण्याच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली वाट विसरणाची, म्हणजे जाळ्यातील फटींतून सरकत बाहेर येण्याची. दुसरी, जाळे पाणी शोषून फुगते व सैल होते तेव्हाची. तिसरी, जाळेच झिजते किंवा विरघळते आणि आतील द्रव्य मोकळे होते तेव्हाची. जैवविघटनशील या विशेषणाचा संबंध मुख्यत्वे या तिसऱ्या वाटेशी आहे. याशिवाय प्रत्येक प्रयोगात एक अनाहूत पाहुणा येतो, तो म्हणजे आरंभीचा लोंढा. पृष्ठभागावर चिकटून राहिलेले द्रव्य पहिल्या काही मिनिटांतच सुटते. तीक्ष्ण तेलाच्या बाबतीत हा लोंढा त्वचेचा दाह करण्यास पुरेसा असतो, आणि 'हळूहळू सुटणारे' असे लेबल लावल्याने तो थांबत नाही.

कोणते तेल बांधावयाचे?

बहुवारिक कोणते, हा प्रश्न नंतरचा आहे. आधी तेल कोणते ते ठरले पाहिजे. तीळ, करंज, निंबोळी, एरंड ही स्थिर तेले होत. ती उडून जात नाहीत, पाण्यात विरघळत नाहीत, आणि त्वचेवर आपणहूनच बराच काळ राहतात. याउलट लवंग, ओवा, नीलगिरी, पुदिना, दालचिनी यांची तेले उडनशील आहेत. बाटलीचे बूच सैल राहिले तर महिन्याभरात त्यांचा अंश कमी होतो. दोघांचा स्वभाव भिन्न असल्याने त्यांना बांधण्याचा हेतूही भिन्न असला पाहिजे.

आपल्या सिद्ध तैलांविषयी तर आणखी एक सूक्ष्म मुद्दा आहे. शार्ङ्गधरोक्त प्रमाणाप्रमाणे कल्क एक भाग, स्नेह चार भाग आणि द्रव सोळा भाग घेऊन आपण पाक करतो, तेव्हा वनस्पतींतील स्नेहविद्राव्य अंश तेलात उतरतात. म्हणजे सिद्ध तैलात तेल हे स्वतः औषध आहेच, शिवाय इतर औषधांचे ते भांडारही आहे. तेलात सुखाने विरघळलेला अंश तेल सोडून पाण्यात किंवा त्वचेच्या ओलसर थरांत जाण्यास नाखूष असतो. त्यामुळे सिद्ध तैलातून औषधाचे मोचन मुळातच मंद असते. अशा तैलाला पुन्हा बहुवारिकात कोंडणे म्हणजे कुलूप लावलेली पेटी तिजोरीत ठेवण्यासारखे होय. रुग्णाला त्याचा उपयोग होईल की औषध त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही, हा विचार आधी करावा.

उडनशील तेलांची गोष्ट वेगळी. येथे बांधणीला स्पष्ट कारण आहे. पुदिन्याचे तेल आतड्यातील मुरड्यावर द्यावयाचे असेल, तर ते जठरात सुटणे इष्ट नसते. तेथे सुटल्यास अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाची आवळण सैल होऊन छातीत जळजळ होते. म्हणून आम्लात न विरघळणारे आणि आतड्यात विरघळणारे कवच त्यावर चढवितात. म्हणजे येथे मोचन मंद करावयाचे नसून योग्य स्थानी करावयाचे आहे. दुसरे उदाहरण दंतवैद्यांकडचे. लवंग तेलातील युजेनॉल आणि यशदाचे भस्मसदृश ऑक्साइड एकत्र घोटले की काही वेळात कठीण सिमेंट तयार होते. दाताच्या पोकळीत ओलाव्याच्या संपर्काने त्यातून युजेनॉल अल्प प्रमाणात सुटत राहते व ठणका कमी होतो. ज्यांच्या औषधालयातून शेजारच्या दंतवैद्याला लवंग तेल जाते, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. त्यात बहुवारिक नाही, पण वनस्पतिज तेलाचा घटक बांधून हळूहळू सोडण्याचे याहून अधिक रुळलेले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

नागपूर विद्यापीठातील राळेचा अभ्यास

आता आपल्या गावाकडे वळू. अमरावती मार्गावरील विद्यापीठ परिसरात नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग आहे. तेथे प्रा. ए. के. डोर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे दोन दशके राळेवर सातत्याने काम केले. राळ म्हणजे येथे रोझिन, चीड वृक्षाच्या स्रावापासून मिळणारी. चिडाचा चिकट स्राव म्हणजे आपला श्रीवेष्टक किंवा गंधबिरोजा. त्याचे ऊर्ध्वपातन केले की टर्पेंटाइन तेल वर निघून जाते आणि खाली काचेसारखी पिवळसर राळ उरते. ती स्वस्त आहे आणि देशात मिळते. पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोल व ईथर यांत विरघळते, आणि द्रावण सुकले की तिचे पातळ पटल बनते. अशा द्रव्याला केवळ साबण, रंग आणि लाखेच्या मोहोरा एवढ्यापुरते का ठेवावे, या जिज्ञासेतून हे काम उभे राहिले असावे.

या विभागात राळेचे आणि ग्लिसरॉल, पेंटाएरिथ्रिटॉल आदींशी केलेल्या तिच्या एस्टरांचे लेप तपासले गेले. ॲस्पिरिनसारख्या औषधांच्या सूक्ष्म संपुटिका करून मोचनाचा वेग मोजला गेला. शुद्ध राळेचे पटल ठिसूळ असते, चटकन तडकते. एस्टर केल्याने व मृदुकारक मिसळल्याने हा दोष कमी होतो. येथे तेलाशी संबंध असलेली एक गोष्ट औषधालय-चालकांनी टिपून घ्यावी. स्थिर तेल हे स्वतःच राळेचे मृदुकारक आहे. थोडे तेल राळेला लवचिक करते, अधिक तेल तिला चिकट लगदा करून टाकते. राळ एरवी साधारण सत्तर ते ऐंशी अंश सेल्सिअसला मऊ होते, परंतु तेल मिसळले की हा बिंदू पुष्कळ खाली येतो, आणि मग नागपूरचा उन्हाळा उरलेले काम करतो. तेल जितके अधिक भरावे तितके जाळे दुबळे होते. बांधणीची खरी मर्यादा ही आहे, आणि कोणतेही बहुवारिक घेतले तरी ती सुटत नाही.

या अभ्यासमालेतील जो प्रबंध आम्हांस सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. राळ शरीरात विघटित होते काय, आणि होताना ऊतींना इजा करते काय, हा त्याचा विषय. राळेची पटले एकीकडे ७.४ सामूच्या क्षारद्रावणात ३७ अंश तापमानाला ठेवली गेली आणि दुसरीकडे उंदरांच्या त्वचेखाली बसविण्यात आली. अवलोकन ९० दिवसांपर्यंत होते. सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी भोवतालच्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या गेल्या. तुलनेसाठी लॅक्टिक व ग्लायकॉलिक आम्लांचे समप्रमाण सहबहुवारिक घेतले होते. शरीरात विरघळणाऱ्या शस्त्रक्रियेच्या टाक्यांमुळे हे सुपरिचित आहे, आणि तुलनेसाठी याहून योग्य मानदंड मिळाला नसता. निष्कर्ष असा की क्षारद्रावणात विघटन मंद झाले, परंतु त्वचेखाली ६० ते ९० दिवसांच्या दरम्यान राळेची पटले पूर्णपणे नाहीशी झाली. भोवती जो शोथ आला तो तुलनेच्या बहुवारिकाइतकाच होता. कोथ किंवा विद्रधी आढळला नाही.

नळीतील द्रावणात जे घडत नाही ते जिवंत शरीरात घडते, हा या प्रयोगाचा धडा. केवळ काचपात्रातील मोचन-आलेख दाखवून औषध विकू पाहणाऱ्यांना हा प्रश्न आवर्जून विचारावा की शरीरात काय झाले? मात्र एक खुलासाही केला पाहिजे. काटेकोर रसायनशास्त्राच्या भाषेत राळ ही लांब साखळीचे बहुवारिक नव्हे. तिचा मुख्य भाग अबिएटिक आदी राळाम्लांचा असतो. पटल धरण्याच्या गुणामुळे औषधनिर्माणशास्त्रात तिची गणना नैसर्गिक बहुवारिकांत होते, इतकेच. शिवाय हे सर्व प्रयोग प्रायः घनरूप औषधांवर झालेले आहेत. तेलाला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण वर सांगितल्याप्रमाणे घनरूप औषध जाळ्यात निमूट बसते, तेल मात्र जाळ्याचा स्वभावच बदलते.

आमच्याकडून घडलेली एक चूक

येथे एक कबुली देणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही टाचांच्या भेगांसाठी नेहमीप्रमाणे राळेचे मलम केले. राळ, तीळ तेल, मेण, असा नित्याचाच पाठ. पंधरवड्यात दोन रुग्ण परत आले. भेगा भरल्या होत्या, पण पायांवर, आणि एका गृहिणीच्या मलम लावणाऱ्या बोटांवरही, लाल चट्टे उठून तीव्र कंडू सुटली होती. आम्ही प्रथम पथ्यावर ठपका ठेवला, मग साबणावर. त्या बाईंनीच विचारले, "वैद्यराज, मागल्या वर्षीचं मलम असं नव्हतं, वासही वेगळा येतो. यंदा राळ दुसरी आहे का?" तेव्हा आमचे डोळे उघडले.

शास्त्रोक्त सर्जरस म्हणजे शालवृक्षाची राळ. बाजारात 'राळ' या एकाच नावाने शालाची राळही मिळते आणि चिडाचे रोझिनही, आणि पुष्कळदा दोहोंचे मिश्रण. दुसरी पहिलीपेक्षा स्वस्त असते, म्हणून मिश्रण कोणत्या दिशेने होते हे सांगावयास नको. आमच्या परिचयाच्या एका औषधनिर्माणशास्त्राच्या प्राध्यापकांनी तो नमुना तपासून दिला. तपासणी साधी आहे. राळेची पूड पेट्रोलियम ईथरमध्ये ढवळून गाळावी, गाळलेल्या द्रावणात त्याच्या दुप्पट ताम्र ॲसिटेटचे विरल द्रावण घालून हलवावे. वरचा थर पाचूसारखा हिरवा झाला तर त्यात रोझिन आहे, कारण अबिएटिक आम्लाचे ताम्रलवण त्या थरात उतरते. आमचा नमुना गर्द हिरवा झाला. आम्लांक काढला तरी भेद कळतो. रोझिनचा आम्लांक सामान्यतः दीडशेच्या वर असतो, शालाच्या राळेचा त्याहून पुष्कळच कमी. विक्रेत्याने जे दिले ते आम्ही न तपासता घेतले, तेव्हा दोष आमचाच. रुग्णांना मलम बंद करून शतधौत घृत दिले, आठवड्यात बरे वाटले, आणि तो सर्व घाणा आम्ही फेकून दिला.

रोझिनची त्वचेला होणारी ॲलर्जी त्वचारोगतज्ज्ञांना चांगली परिचित आहे. जगभर पट्टी-चाचणीसाठी जी नित्याची द्रव्ये वापरतात, त्यांत पेट्रोलियम जेलीतील वीस टक्के रोझिन असते. चिकटपट्टीमुळे अंगावर चट्टे उठणाऱ्या रुग्णांत ते पुष्कळदा कारणीभूत ठरते. विशेष हे की ताज्या राळेपेक्षा हवेशी संयोग झालेली जुनी पूड अधिक त्रासदायक असते. अबिएटिक आम्ल प्राणवायूशी संयोग पावून जी द्रव्ये बनवते, ती प्रमुख दोषी होत. सबब राळ खड्यांच्या रूपात घ्यावी, हवाबंद ठेवावी आणि लागेल तेव्हाच कुटावी.

मग २००३ च्या प्रबंधातील निष्कर्ष खोटा ठरला काय? मुळीच नाही. त्वचेखाली बसविलेल्या पटलाभोवती ऊतींचा नाश होत नाही हे त्यांनी तपासले, आणि ते सिद्ध झाले. एखाद्या व्यक्तीच्या त्वचेत आठवड्याअंती उत्पन्न होणारी संवेदनशीलता हा निराळा प्रश्न आहे. 'जैवविघटनशील' आणि 'नैसर्गिक' हे दोन शब्द एकत्र आले की आपण 'निरुपद्रवी' हा तिसरा शब्द मनातल्या मनात जोडून टाकतो. तो जोडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

प्रात्यक्षिक: अल्जिनेटचे मणी

ज्यांना हा विषय हाताने समजून घ्यावयाचा आहे, त्यांच्यासाठी एक सोपे प्रात्यक्षिक देत आहोत. हे विक्रीसाठी नव्हे, अभ्यासासाठी आहे. सोडियम अल्जिनेट हे तपकिरी समुद्रशैवालांपासून मिळणारे बहुवारिक. त्याच्या द्रावणाचा थेंब खटिक क्लोराइडच्या द्रावणात पडला की तो क्षणार्धात गोठून मणी बनतो, कारण खटिकाचे कण अल्जिनेटच्या साखळ्यांना एकमेकींशी जखडतात. यात उष्णता नाही, विषारी द्रावक नाही. म्हणूनच नाजूक तेलांसाठी ही पद्धत लोकप्रिय आहे.

शंभर मिलिलिटर ऊर्ध्वपातित जलात दोन ग्रॅम सोडियम अल्जिनेट रात्रभर भिजत ठेवावे. सकाळी त्यात थोड्या बाभळीच्या डिंकाच्या साहाय्याने दहा ग्रॅम निंबोळीचे तेल घोटून दुधासारखे एकजीव करावे. हे मिश्रण जाड सुईच्या सिरिंजमधून थेंब थेंब दोन टक्के खटिक क्लोराइडच्या द्रावणात सोडावे. ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरट मणी तयार होतात. वीस-पंचवीस मिनिटांनी गाळून, धुवून, सावलीत सुकवावे. सुकताना ते बरेच आकसतात आणि घोटणी कच्ची राहिली असेल तर त्यांच्यावर तेलाचा ओशटपणा येतो. हाच तो आरंभीचा लोंढा, डोळ्यांना दिसणारा.

आता मोजणी. सुकलेले मणी सोडियम सायट्रेटच्या द्रावणात टाकले की सायट्रेट खटिकाला ओढून घेते आणि मणी विरघळतात. डिंकामुळे तेल सहज वेगळे होत नाही, म्हणून ते ईथरने काढून, ईथर उडवून वजन करावे. ईथर ज्वालाग्राही असल्याने जवळपास चूल किंवा शेगडी असू नये. समजा, घातलेल्या दहा ग्रॅम तेलापैकी सात ग्रॅम मिळाले, तर बांधणी सत्तर टक्के. उरलेले तीन ग्रॅम धुण्याच्या पाण्यात, सिरिंजमध्ये किंवा सुकविण्याच्या कापडावर गेले. हीच कृती लवंग तेल घेऊन केली तर सुकविताना होणारी घट वेगळी दिसते, आणि उडनशील तेलांना बांधण्यापेक्षा बांधून सुकविणेच किती अवघड आहे ते ध्यानात येते.

निंबोळी तेलाचे असे मणी हा काही आमचा शोध नव्हे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी अल्जिनेटच्या मण्यांत निंबोळी तेल भरून ते ग्लुटाराल्डिहाइडने अधिक घट्ट जखडल्याचा अभ्यास २००० च्या सुमारास प्रसिद्ध केला. जखडण किती घट्ट, यावर तेल बाहेर येण्याचा वेग ठरतो. परंतु त्यांचा हेतू शेतीसाठी कीटकनाशक करण्याचा होता, हे विसरू नये. ग्लुटाराल्डिहाइड हे शस्त्रक्रियेची उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी वापरले जाणारे तीक्ष्ण रसायन आहे. शेतात जे चालते ते रुग्णाच्या पोटात किंवा व्रणावर चालेलच असे नाही. लॅक्टिक-ग्लायकॉलिक बहुवारिकांच्या बाबतीतही हाच प्रश्न द्रावकाचा येतो. ती विरघळविण्यासाठी बहुधा डायक्लोरोमीथेन लागते आणि औषधात त्याचा अवशेष दशलक्ष भागांत सहाशे भागांहून अधिक असू नये असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तो मोजण्याचे यंत्र आपल्या कोणत्या औषधालयात आहे?

जिलेटिन आणि कायटोसान ही आणखी दोन सर्वपरिचित बहुवारिके. पहिले जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून, दुसरे कोळंबीच्या कवचापासून. आपल्या रुग्णांपैकी कितीजणांना हे सांगून औषध देता येईल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. न सांगता देणे मात्र योग्य नव्हे. लाख हा पर्याय त्या मानाने आपल्या घरचा. तीही कीटकजच, परंतु लाक्षादि तैलाच्या रूपाने आपल्या ग्रंथांत मान्यता पावलेली. पूर्व विदर्भात पळसावर ती होते. तिच्यापासून केलेले शेलॅक जठराच्या आम्लात टिकते व आतड्याच्या क्षारीय भागात विरघळते, म्हणून गोळ्यांच्या कवचासाठी ते फार पूर्वीपासून वापरात आहे.

कायद्याच्या मर्यादा

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० यातील व्याख्येप्रमाणे आयुर्वेदीय स्वामित्व औषधात प्रथम अनुसूचीतील प्रमाणग्रंथांत उल्लेखिलेली घटकद्रव्येच असावी लागतात, आणि सुईवाटे देण्याची औषधे त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे राळेचे पटल उंदराच्या त्वचेखाली कितीही उत्तम विरघळले, तरी त्वचेखाली बसविण्याचे आयुर्वेदीय औषध म्हणून त्याचा परवाना मागता येणार नाही. बहुवारिक हे पूरक द्रव्य म्हणून घालावयाचे असल्यास नियम १६९ मधील अनुज्ञेय पूरक द्रव्यांच्या तरतुदीत ते बसते काय, हे आधी पाहावे. वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी केलेल्या औषधास निर्मितीच्या परवान्यातून सूट आहे. परंतु ती सूट शेजारच्या दुकानात बरण्या मांडण्यासाठी नाही, हे काही तरुण मित्र विसरतात. आणि मोचनाची मोजणी न करता लेबलावर 'नियंत्रित मोचन' छापणे हे तर खोटे नामांकनच होय.

ज्या औषधालयांना उडनशील तेलांच्या बांधणीत खरोखर रस आहे, त्यांनी एकट्याने यंत्रसामग्री घेण्याच्या भरीस पडू नये. विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग आणि १९४२ साली स्थापन झालेली, तेल तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध असलेली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था या दोन्ही आपल्याच शहरात आहेत. नमुना, त्याचा पाठ आणि नेमका प्रश्न घेऊन गेल्यास तेथे बोलणे होऊ शकते. 'आमचे तेल नॅनो करून द्या' अशी मागणी घेऊन जाऊ नये. 'ओव्याच्या तेलाचा किती अंश सहा महिन्यांनी बाटलीत उरतो, आणि बांधल्यास किती उरेल' असा प्रश्न घेऊन जावे.

स्थिर तेलांपुरते आम्ही आमच्या औषधालयात सध्या इतकेच करतो. पिंड तैल ग्रंथोक्त प्रमाणातच सिद्ध होते, त्यात फेरफार नाही. सिक्थ तैलाच्या आधारावरील मलमांत मात्र हिवाळ्यात मेण एक भाग व तेल सहा भाग घेतो, फाल्गुनापासून पाच भाग. तयार मलमाचा एक नमुना काचपट्टीवर लावून पट्टी तिरकी ठेवतो आणि कोठीतील दुपारच्या उष्णतेत तासाभरात तो किती ओघळला ते वहीत लिहितो. राळेचे प्रत्येक नवे पोते आले की ताम्र ॲसिटेटची बाटली आधी काढली जाते. गेल्या चैत्रात आलेल्या पोत्यातील नमुन्याचा वरचा थर फिकट हिरवा झाला, आणि ते पोते आम्ही परत पाठविले.